सही आधी, मजकूर नंतर

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

गोमती नगर, लखनऊ
१८ जानेवारी २०२४

प्रिय देवयानीस,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन नीट पार पडल्याचं मिरजेहून अक्कांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी देवापुढे बसले होते. तशीच बसून राहिले. दूध उतू गेलं, ह्यांनी येऊन गॅस बंद केला, तरी काही बोलले नाहीत. बहिणीच्या काळजीनं तेही चार दिवस पेपर उलटा धरूनच वाचत होते म्हण ना.

तीन महिने एक शब्द बोलायचा नाही म्हणजे फोनचं कामच संपलं. मोबाईलवर टाइप कर म्हटलं की तू मान हलवतेस आणि वही मागतेस, असं अक्का म्हणाल्या. बरंच आहे. माझंही त्या काचेवर बोट चालत नाही. तर आपण पत्रच लिहू. सोबत तिळाच्या वड्या आहेत. गिळता येत नसतील तर अक्कांच्या नातवंडांना दे, पण एक कुस्करून तोंडात धर.

आता शाळेचं. तुझ्या वर्गाची चावी माझ्याकडेच आहे, देवघराच्या खिळ्याला लावलीय. मुलींना तू नेमून दिलेलं शिवण चालू आहे.

निगमसरांनी मला एक मोठं काम दिलंय. एप्रिलपासून नववीला कुठले विषय ठेवायचे आणि शाळेचा पैसा कशावर घालायचा, हे फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये ठरणार. त्यासाठी पगार सोडून प्रत्येक विषयाचा वर्षाचा खर्च आणि एका मुलामागे किती पडतो, असा तक्ता हवाय. म्हणाले, "भाभीजी, जैसे आप घर में दूध का हिसाब रखती हैं, बस वैसे ही." दोन वर्षांपूर्वी शाळेचे हिशेबनीस सोडून गेले तेव्हा तूच त्यांना माझी घरची वही दाखवलीस आणि मी मॅट्रिक झालेली बाई एम.ए., बी.एड. मंडळींच्या मीटिंगमध्ये बसायला लागले. तेव्हा हा तक्ता असा करीन की तुझी मान खाली जाणार नाही. घरच्या वहीत पान अर्धं राहिलं तर खाली मी तिरकी रेघ मारते ना, मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून, तशी यातही मारणार आहे.

गृहविज्ञानाचे खरे आकडे मला कळव. रजिस्टरात बावीस मुलींना मिळून आठ हजार आठशे दिसतात. तेवढ्यात सिलिंडर, कणीक, कापड, दोरे कसे भागतात देव जाणे.

प्रकृतीला जप. रामरक्षा म्हणता येत नसेल तर मनात म्हण, पोचते.

तुझी
पद्मावहिनी

—

मिरज
२७ जानेवारी

ती. पद्मावहिनीस,
सा. न.

वड्या पोचल्या. एक कुस्करून धरली होती. बाकीच्या कुणी खाल्ल्या ते विचारू नकोस.

इथे मी पाटीवर लिहून बोलते. अक्काला चष्मा सापडेपर्यंत माझा राग निघून जातो, त्यामुळे आमचं भांडण असं होतच नाही. चोवीस वर्षं वर्गात ओरडून घालवली, त्याचा हिशेब घशानं एकदम मागितला, एवढंच.

तक्त्याचं वाचून फार बरं वाटलं. म्हणजे या वर्षी तरी कुणी विचारतंय. वहिनी, रजिस्टरातले आठ हजार आठशे खोटे आहेत. खोटे म्हणजे कमी. बाकीचं सामान मी माझ्या पगारातून आणते. तुला कधी सांगितलं नाही, तू रागावली असतीस. वर्षाला एकोणीस हजार आठशे लागतात, यादी सोबत जोडली आहे. आता तूच लिहिते आहेस तर खरं लिही. खरा आकडा पुढे आला तरच नवीन वर्षात मंजुरी मिळेल.

आणि एक काम. आठवीतली शिफा आठवते? मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दारात उभी राहून मशिनीकडे बघत असते ती. बाप चिनहटला पॅकिंगच्या कारखान्यात आहे. त्यानं मला समोर बसवून सांगितलंय, "मैडम, जब तक पास होगी तब तक पढ़ेगी. एक बार फेल, तो बस." पोरीचं बाकी सगळं ठीक आहे, गणिताचं नाव काढलं की तिचे हात गार पडतात. मुलींना गणिताऐवजी गृहविज्ञान घेता येतं म्हणून ती दहावी होईल, नाहीतर नाही. एप्रिलमध्ये नववीचा फॉर्म भरताना तिच्याजवळ उभी राहा.

दादाला नमस्कार सांग. पेपर सुलटा धर म्हणावं.

तुझी
देवयानी

—

॥ श्री ॥

गोमती नगर
१ मार्च

प्रिय देवयानीस,
अनेक आशीर्वाद.

परवा मीटिंग झाली. संकष्टी होती, म्हणून समोसे समोर आले तरी मी पाण्यावरच होते. गणिताच्या आशिषसरांनी माझ्या वाटचाही खाल्ला.

माझा तक्ता निगमसरांनी भिंतीवर लावला होता! हिरव्या शाईनं विषय, लाल शाईनं आकडे. सर म्हणाले, "भाभीजी, आपने तो हमारी आँखें खोल दीं." तुझा खरा आकडा घातला आहे. एका मुलीमागे नऊशे. गणिताला चाळीसच पडतात, खडू आणि दोन मोठे कंपास, झालं. मला वाटलं होतं नऊशे बघून सगळे चकित होतील, की ही बाई इतकं कसं भागवत होती. चकित झाले खरे.

आशिषसर म्हणाले, गणित सगळ्यांना सक्तीचं करावं, शाळेचं नाव होईल, आणि तुझ्या खोलीत ते मोठे स्क्रीनवाले फळे लावावेत. वर म्हणतात, "गृहविज्ञान माने क्या? रोटी बेलना? वह तो लड़कियाँ घर में सीख ही लेती हैं." मला राहवलं नाही. म्हटलं, "आशिषजी, आपके घर रोटी कौन बनाता है?" म्हणाले, खाना बनानेवाली. म्हटलं, "तो उसके भी पैसे दीजिए, सीखी हुई है." सगळे हसले, विषय तिथेच राहिला. तुझं नाव मी दोनदा काढलं आणि शिफाचंही सांगितलं.

पुढे फळ्यांच्या किमतीवर बोलणं लांबलं. मला मोदकांचं बघायचं होतं आणि उर्दूच्या मॅडम त्यांच्या ई-रिक्षातून सोडते म्हणाल्या, म्हणून चारला उठले. वीस रुपये वाचले. जाताना मीटिंगच्या रजिस्टरात सही केली. आपल्याकडची पद्धत तुला ठाऊकच आहे, कुणाला कुठं जायचं असतं म्हणून सही आधी, मजकूर सर सवडीनं नंतर लिहितात. नक्की असं काही ठरलं नव्हतं. तू निर्धास्त राहा.

घशाचं काय म्हणतात डॉक्टर? तू त्याबद्दल काही लिहीत नाहीस.

तुझी
पद्मावहिनी

—

मिरज
१२ मार्च

ती. वहिनीस,
सा. न.

आशिषसरांना दिलेलं उत्तर तीनदा वाचलं. हसताना आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. अक्का घाबरून धावत आली.

घशाचं ठीक आहे. डॉक्टर भले आहेत, खूप बोलतात.

मी जुलैला शाळेत हजर होईन असं निगमसरांना सांग. सध्या एका गोष्टीचा विचार करत असते. अक्काच्या सुनेला काज करायला शिकवलं, पाटी न घेता, नुसतं तिचं बोट धरून. तिसऱ्या दिवशी तिला आलं. पोळी लाटायला, शिलाई उसवायला, बाळाचं अंग धरायला बोलावं लागतंच असं नाही. मुली हाताकडे बघतात. गणित मुक्यानं शिकवता येणार नाही, हिंदीही नाही. माझा विषय येईल. आपल्या शाळेत असा एकच विषय आहे बघ.

हे सहज लिहिलं. दादाला वाचून दाखवू नकोस.

माझी डावीकडून दुसरी मशीन आहे ना, तिचा पट्टा सैल झालाय. जगदीश शिपायाला सांगून तेवढा बदलून घे.

तुझी
देवयानी

—

॥ श्री ॥

गोमती नगर
३० मार्च

प्रिय देवयानीस,
आशीर्वाद.

होळी झाली. गुजिया शेजाऱ्यांकडून आल्या, मी घरी केल्या नाहीत. ऊन वाढलंय. ह्यांचं गुडघेदुखीचं तेच.

शाळेत परीक्षा चालू आहेत. मशिनी हलवल्या आहेत, पट्ट्याचं बघते. शिफा दिसली नाही.

तू घाई करून येऊ नकोस. मिरजेची हवा तुला मानवते असं अक्का म्हणाल्या. तिकीट आत्ता काढलंस आणि रद्द करावं लागलं तर पैसे उगाच जातील.

चैत्रातल्या गौरी येतील. या वर्षी हळदीकुंकू करीन की नाही, अजून ठरवलं नाही.

पद्मावहिनी

—

मिरज
१० एप्रिल

ती. वहिनीस,
नमस्कार.

काल पाडव्याला गुढी उभारत होतो तेव्हा पोस्टमन आला. शाळेचं रजिस्टर्ड पत्र. आत ठरावाची नक्कल. नववीपासून गृहविज्ञान बंद, गणित सर्वांना सक्तीचं, चारही शिलाई मशिनी विकून ती रक्कम फळ्यांच्या खर्चात घालावी, आणि देवयानी आठल्ये यांनी जुलैपासून चौथीचा हिंदीचा वर्ग घ्यावा. कारण दिलं आहे: 'संलग्न तालिका के अनुसार'. तक्ताही जोडला आहे. हिरवी शाई, लाल शाई. अक्षर फार सुंदर आलंय, वहिनी.

खाली लिहिलंय, ठराव सर्वानुमते. आणि सह्यांमध्ये पहिलीच सही, पद्मा वि. आठल्ये.

आपल्या दाराशी गॅसवाला कोऱ्या पावतीवर सही मागतो तेव्हा तू त्याला उन्हात उभा करून आधी आकडा लिहायला लावतेस. इथे कसं केलंस?

मी चिडले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आणि आणखी एक खोटं आता पुरे झालं. माझा आवाज परत येणार नाही. आठ जानेवारीलाच, ऑपरेशनमध्ये, आवाजाची नस गेली. हे तीन महिने बोलू नये म्हणून नव्हते, सवय व्हावी म्हणून होते. तुला आधी कळवलं नाही, कारण वर्ग आहे तोवर मला आवाजाची तितकी गरज नव्हती. चौथीच्या चाळीस मुलांना हिंदी मी कशानं शिकवू?

शिफाचं काय झालं ते खरं लिही.

देवयानी

—

॥ श्री ॥

गोमती नगर
२१ एप्रिल

प्रिय देवयानीस,

चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा कागद फाडला. कागद फाडणं माझ्या हातून कधी होत नाही हे तुला ठाऊक आहे. हा पाचवा.

होळीनंतर दोन दिवसांनी मी महिन्याचा हिशेब द्यायला शाळेत गेले. फाटकात लोडर, म्हणजे मालाचा टेम्पो, उभा होता आणि त्यात तुझ्या मशिनी चढवत होते. जगदीश डोकं धरून बाजूला उभा. मी म्हटलं, "ये कहाँ जा रही हैं?" तो म्हणाला, "भाभीजी, आपने ही तो दस्तख़त किए हैं." मला वाटलं तो थट्टा करतोय. ऑफिसात जाऊन रजिस्टर मागितलं. माझी सही मी केली तिथेच होती, पानाच्या तळाला. तिच्यावर निगमसरांच्या अक्षरात सगळं लिहिलेलं. तळाशी सही करताना वरचं पान कोरं होतं, देवयानी, आणि मला ते दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणणार नाही. वाटलं, ही काय गॅसवाल्यासारखी माणसं आहेत? शिकलेली माणसं आहेत. आपण मॅट्रिक, आपण यांच्यावर काय संशय घ्यायचा.

मी सरांना म्हटलं, मी याला हो म्हटलं नव्हतं, माझं नाव काढा. ते रागावले नाहीत. पाणी मागवलं. म्हणाले, "भाभीजी, नाम तो निकल जाएगा. तालिका का क्या करेंगे? वह तो आप ही की है." रजिस्टरातले मुलीमागे चारशेच ठेवले असते तर तुझा विषय कदाचित कुणाच्या डोळ्यांवर आला नसता. तू खरं सांगितलंस, मी लाल शाईनं लिहिलं. मुलीमागे किती जातात ते मांडलं, मुलीला काय मिळतं त्याचा रकाना करायचं मला सुचलं नाही. दुधाच्या हिशेबात तो नसतो.

तीस मार्चच्या पत्रात मी 'मशिनी हलवल्या' असं लिहिलं. मला सगळं माहीत होतं. देवापुढे बसून ते पत्र लिहिलं आणि देवाकडे पाठ केली. तुझ्या मार्चच्या पत्रातून तुझ्या आवाजाचंही मला कळलं होतं. मुक्यानं शिकवता येईल असं कुणी सहज लिहीत नाही. कळलं आणि मी ते न कळल्यासारखं केलं.

शिफाचं लिहिते. फॉर्मच्या दिवशी मी तिच्याजवळ उभी राहिले, तेवढं केलं. फॉर्मवर विषय आधीच छापून आले होते. ती म्हणाली, "आंटी, इसमें तो गणित छपा है." तिनं तो घरी नेला आणि परत आणला नाही. मी जगदीशला घेऊन चिनहटला तिच्या घरी गेले. बाप म्हणाला, "फेल होगी, ये हमको भी पता है, उसको भी पता है. तो साल भर की फ़ीस क्यों डुबोएँ?" मी म्हटलं मी शिकवते, माझ्या घरी पाठवा. मीही गणितात पहिल्यांदा नापास झाले होते, माझ्या वडिलांनी दुसऱ्यांदा बसवलं म्हणून मॅट्रिक झाले, हेही सांगितलं. तो ऐकून घेत होता. म्हणाला, "आपके अब्बा अच्छे थे." बस. शिफा बापाबरोबरच कारखान्यात जायला लागलीय, डबे खोक्यात भरायला. जाताना फाटकापर्यंत आली आणि विचारलं, "देवयानी मैम की आवाज़ आ गई?"

मी हो म्हटलं.

माझ्याकडे क्षमा मागण्याजोगे शब्द नाहीत. हिशेबाचं काम सोडलं. तुझ्या वर्गाची चावी अजून खिळ्यालाच आहे. कुलूप त्यांनी बदललं.

तू घरी ये. शाळेसाठी नको, घरी ये.

पद्मा

—

मिरज
२२ जून

ती. वहिनीस,
सा. न.

दोन महिने लिहिलं नाही. लिहायला घेतलं की नुसतं तुला टोचेल असंच सुचायचं, आणि पाटीवर असतं तसं ते पुसता आलं नसतं.

शाळा उघडायच्या आत राजीनामा द्यायला हवा. मला लिहिता येईना. 'वैयक्तिक कारणास्तव' लिहू, 'प्रकृतीमुळे' लिहू, की 'तालिका के अनुसार' लिहू? सोबत एक कोरा कागद आहे. तळाला सही केली आहे. वर काय लिहायचं ते तू लिही आणि नेऊन दे. तुझं अक्षर सुंदर आहे.

देवयानी

—

॥ श्री ॥

गोमती नगर
१ जुलै

प्रिय देवयानीस,
अनेक आशीर्वाद.

कागद पोचला. तो मी दोन दिवस देवापुढे ठेवला होता. ह्यांनी पाहिला, विचारलं, हे काय? मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ते म्हणाले, "तिनं तुला मारायला हवं होतं." आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

तो कागद परत पाठवते आहे. कोरा आहे तसाच. तू रागानं पाठवलास की विश्वासानं, ते मला कळलं नाही. विचारणारही नाही. रागानं असेल तर तो माझ्या वाट्याचा आहे. पण तुझ्या सहीच्या वर मी एक अक्षर लिहिणार नाही. असली सही मी आता कुणाची घेत नाही आणि कुणाला देत नाही. नवीन हिशेबनीसानं परवा मार्चच्या व्हाउचरांवर सह्या मागितल्या, तीन तास बसून एकेक वाचलं. आता वाचून काय उपयोग, असं तोही म्हणाला असेल मनात.

काय लिहायचं ते तू लिही, मग सही कर. राजीनामा असेल तर मी स्वतः नेईन, आणि निगमसर वाचेपर्यंत तिथे उभी राहीन. ई-रिक्षा कितीही थांबली तरी.

शिफा मागच्या सोमवारी दिसली, कारखान्याच्या टेम्पोत मागं बसलेली. मी हात केला. तिनंही केला. बोटांना पट्ट्या होत्या.

तुझी घरातली खोली रोज झाडते.

तुझी
पद्मावहिनी

—

मिरज
११ जुलै

ती. वहिनीस,
सा. न.

रागानं पाठवला होता. टपालात टाकला आणि घरी येईपर्यंत विश्वासानं झाला. तू तो भरला असतास तर पुन्हा राग आला असता.

सोबत राजीनामा आहे. हिंदीत तीन ओळी लिहिल्या आहेत: मी चोवीस वर्षे या शाळेत मुलींना गृहविज्ञान शिकवले. तो विषय शाळेने बंद केला आहे. दुसरा विषय शिकवण्यास माझ्याजवळ आवाज नाही. बाकी आभार वगैरे घातले नाहीत, सरांना चुकल्यासारखं वाटेल, वाटू दे.

देण्याआधी दोनदा वाच. वाचून त्यात काही खोटं सापडलं तर नेऊ नकोस.

श्रावणात येते. आठवड्यातला एक दिवस कारखान्याला सुट्टी असेल ना? शिफाच्या बापाला विचारून ठेव, त्या दिवशी ती आपल्या घरी येईल का. मशीन नाही, परीक्षा नाही, त्यानं काही होणार नाही हे मलाही कळतं. नुसतं तिची बोटं बघायची आहेत. तिनं विचारलं तर आता खरं सांग.

राजीनाम्यातल्या तिसऱ्या ओळीनंतर आणि सहीच्या मध्ये चार बोटं जागा उरली होती. तिथे तुझ्यासारखी तिरकी रेघ मारली आहे.

तुझी
देवयानी